औद्योगिक नियंत्रकावरील इथरनेट पोर्ट व स्थितिदर्शक दिवे

औद्योगिक नियंत्रकावरील इथरनेट पोर्ट म्हणजे कारखान्यातील यंत्र चालविणाऱ्या नियंत्रकास संगणक, टचस्क्रीन, मोटरचे ड्राइव्ह आणि इतर नियंत्रक यांच्याशी जोडणारे द्वार होय. येथे नियंत्रक या शब्दाने मुख्यतः प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर अभिप्रेत असून व्यवहारात त्यास पीएलसी म्हणतात. या पोर्टला पत्ता, वेग व नाव ठरवून देण्याच्या कामास पोर्टची जुळवणी म्हणतात. जुळवणी नीट झाली किंवा नाही, केबल शाबूत आहे किंवा नाही आणि नियंत्रक कोणत्या अवस्थेत आहे, हे दाखविण्यासाठी पोर्टवर व नियंत्रकाच्या दर्शनी भागावर लहान रंगीत दिवे असतात. त्यांना स्थितिदर्शक दिवे म्हणतात.

हे दिवे वाचताना एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक असते. पोर्टवरचा दिवा तार जोडली गेल्याचे सांगतो. त्या तारेवरून चाललेला संवाद दोन्ही टोकांना समजतो आहे असे तो सांगत नाही. दोषशोधनातील पुष्कळसा वेळ या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे वाया जातो.

इतिहास

१९६० च्या दशकापर्यंत कारखान्यांतील यंत्रांचे नियंत्रण रिले नावाच्या विद्युत्-चुंबकीय स्विचांच्या मोठ्या पॅनेलांमधून होत असे. उत्पादनात बदल करावयाचा झाल्यास शेकडो तारांची जोडणी नव्याने करावी लागे. १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागाने रिलेऐवजी वापरता येईल अशा इलेक्ट्रॉनिक साधनाची मागणी केली. तीमधून डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला. १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने नियंत्रकांमधील संदेशवहनासाठी मॉडबस ही पद्धती प्रसिद्ध केली. आरंभी ती साध्या सिरियल तारेवरून चालत असे.

इथरनेटचा उगम कारखान्यात झाला नाही. १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ, डेव्हिड बॉग्ज व सहकाऱ्यांनी कार्यालयातील संगणक जोडण्यासाठी ही पद्धती विकसित केली. १९८३ मध्ये आयईईई ८०२.३ हे तिचे मानक मान्य झाले. १९९० मध्ये पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांवरून सेकंदास १० मेगाबिट आणि १९९५ मध्ये १०० मेगाबिट वेगाची मानके आली.

आरंभीच्या इथरनेटमध्ये सर्व यंत्रे एकाच सामाईक तारेवर बोलत. दोघांनी एकाच वेळी संदेश पाठविल्यास तो फुटत असे व पुन्हा पाठवावा लागे. कार्यालयात असा क्षणभराचा उशीर चालून जातो; यंत्राच्या नियंत्रणात तो चालत नाही. प्रत्येक यंत्रास स्वतंत्र मार्ग देणारे स्विच स्वस्त झाल्यावर ही अडचण दूर झाली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून इथरनेट कारखान्यांत रुळले. १९९९ मध्ये मॉडबस टीसीपी ही पद्धती प्रसिद्ध झाली. त्यानंतरच्या काही वर्षांत इथरनेट/आयपी, प्रोफिनेट व इथरकॅट या पद्धती प्रचारात आल्या. इथरनेट/आयपी या नावातील आयपी ही अक्षरे ‘इंडस्ट्रियल प्रोटोकॉल’ या शब्दांची आहेत, ‘इंटरनेट प्रोटोकॉल’ची नव्हेत, या साम्यामुळे विद्यार्थ्यांचा अनेकदा गोंधळ होतो.

परभणी जिल्ह्यातील संदर्भ

मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम असे नऊ तालुके आहेत. जिल्ह्यातील उद्योग प्रामुख्याने शेतमालावर आधारलेला आहे. मानवत, सेलू व परभणी ही कापसाच्या व्यापाराची जुनी केंद्रे असून तेथे सरकी वेगळी काढणारे जिनिंगचे व रुईच्या गाठी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने आहेत. गोदावरीकाठच्या गंगाखेड व पाथरी या भागांत साखर कारखानदारी आहे.

भारत सरकारने २००० मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानाच्या चौथ्या उपअभियानात जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास साहाय्य देण्यात आले. आधुनिक जिनिंग कारखान्यात कापूस ओढून नेणारे पंखे, सफाई यंत्रे, जिनांना कापूस पुरविणारी स्वयंचलित यंत्रणा आणि गाठ बांधणारा हायड्रॉलिक प्रेस ही साखळी नियंत्रकांच्या साहाय्याने चालविता येते. प्रेसमध्ये सुमारे १७० किलोग्रॅम वजनाची गाठ तयार होते. साखर कारखान्यात बॉयलर, उसाचा पुरवठा आणि साखरेचे दाणे मळीपासून वेगळे करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रे यांवर अशीच नियंत्रणे असतात.

हे दोन्ही उद्योग हंगामी आहेत. कापसाची आवक व उसाचे गाळप साधारणतः दिवाळीच्या आसपास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते. या काळात नियंत्रकाचा संपर्क तुटून प्रेस बंद पडल्यास रुई साचते, आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि शेतकऱ्याचा मुक्काम लांबतो. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील तितका त्यातील साखरेचा अंश घटतो. तंत्रज्ञ मोठ्या शहरातून येईपर्यंत काही तास किंवा एखादा दिवसही जातो. त्यामुळे जागेवरच्या विद्युत्-कर्मचाऱ्यास दिवे वाचता येणे व जे दिसले ते दूरध्वनीवरून अचूक सांगता येणे, यास येथे विशेष महत्त्व आहे.

हवामानाचाही संबंध येतो. परभणीत उन्हाळ्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. पत्र्याच्या छपराखालील बंद पॅनेलमधील हवा बाहेरच्यापेक्षा अधिक तापते, तर बहुसंख्य नियंत्रकांची मर्यादा ५० ते ६० अंशांच्या दरम्यान असते. जिनिंग कारखान्यात हवेत उडणारा कापसाचा तंतू पॅनेलच्या पंख्यांच्या जाळ्यांवर व मोकळ्या पोर्टमध्ये साचतो. न वापरलेल्या पोर्टवर टोपण बसविणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पोर्टची रचना

नियंत्रकावरील इथरनेट पोर्ट सामान्यतः आरजे-४५ नावाच्या आठ संपर्कांच्या खाचेचा असतो. सेकंदास १०० मेगाबिट वेगासाठी त्यांपैकी १, २, ३ व ६ या क्रमांकांचे चार संपर्क, म्हणजे तारांच्या दोन जोड्या, वापरल्या जातात. १००० मेगाबिट वेगासाठी चारही जोड्या लागतात. धूळ, पाणी व कंप असलेल्या जागी आरजे-४५ ऐवजी एम-१२ हा आटे असलेला गोल जोड वापरतात, कारण तो कंपामुळे सैल होत नाही.

तांब्याच्या केबलची दोन साधनांमधील कमाल लांबी १०० मीटर आहे. त्याहून अधिक अंतरासाठी मध्ये स्विच बसवावा लागतो किंवा प्रकाशतंतूची केबल टाकावी लागते. मोटरच्या ड्राइव्हमधून निघणाऱ्या शक्तिवाहक तारांजवळून इथरनेट केबल नेल्यास तीमध्ये विद्युत् गोंगाट शिरतो. म्हणून दोन्ही तारा वेगळ्या ट्रेमधून नेतात आणि एकमेकींस छेद द्यावा लागल्यास तो काटकोनात देतात. प्रकाशतंतूवर अशा गोंगाटाचा परिणाम होत नाही.

काही नियंत्रकांवर दोन पोर्ट असतात. त्यांचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात दोन्ही पोर्ट आतील एकाच लहान स्विचला जोडलेले असतात व दोघांचा पत्ता एकच असतो. अशा पोर्टांमुळे एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात केबल ओवत नेता येते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक पोर्टचा पत्ता स्वतंत्र असतो आणि एक पोर्ट यंत्राच्या जाळ्यासाठी, तर दुसरा कार्यालयाच्या जाळ्यासाठी वापरला जातो. बाहेरून दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. नियंत्रक कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या माहितीपुस्तिकेवरून पाहावे लागते.

प्रत्येक पोर्टला कारखान्यातच एक कायमचा मॅक पत्ता दिलेला असतो व तो नियंत्रकावर छापलेला असतो. तो ४८ बिटांचा असून पहिल्या अर्ध्या भागावरून निर्माता ओळखता येतो. नव्या नियंत्रकास पहिला आयपी पत्ता देताना हा छापील क्रमांक उपयोगी पडतो.

पोर्टची जुळवणी

आयपी पत्ता व सबनेट मास्क

मॅक पत्ता जन्मखुणेसारखा कायमचा असतो, तर आयपी पत्ता घराच्या क्रमांकासारखा ठरवून दिलेला असतो. प्रचलित पद्धतीत तो ० ते २५५ मधील चार संख्यांनी लिहितात. कारखान्याच्या अंतर्गत जाळ्यासाठी १०, १७२.१६ ते १७२.३१ किंवा १९२.१६८ या अंकांनी सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर हे पत्ते चालत नाहीत, म्हणून ते कोणत्याही कारखान्यास विनापरवाना वापरता येतात.

सबनेट मास्क पत्त्याचा कोणता भाग गल्लीचा व कोणता घराचा, हे ठरवितो. मास्क २५५.२५५.२५५.० असल्यास पहिल्या तीन संख्या गल्लीच्या व शेवटची संख्या घराची ठरते. अशा गल्लीत २५४ साधने मावतात. एका गल्लीतील साधने एकमेकांशी थेट बोलतात. दुसऱ्या गल्लीशी बोलावयाचे असल्यास गेटवे म्हणून नेमलेल्या साधनाची मध्यस्थी लागते. यंत्राचे जाळे स्वतंत्र असेल, तर गेटवेचा रकाना पुष्कळदा रिकामा ठेवता येतो.

उदाहरणादाखल, एका गाठप्रेसच्या जाळ्यातील पत्त्यांची मांडणी पुढीलप्रमाणे करता येईल. सर्वांचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे.

नियंत्रक: १९२.१६८.१०.१०
टचस्क्रीन: १९२.१६८.१०.२०
हायड्रॉलिक पंपाचा ड्राइव्ह: १९२.१६८.१०.३१
पंख्याचा ड्राइव्ह: १९२.१६८.१०.३२
देखभालीचा लॅपटॉप: १९२.१६८.१०.२००

येथे साधनांच्या प्रत्येक प्रकारास संख्यांचा वेगळा गट दिला आहे. पुढे तिसरा ड्राइव्ह आल्यास त्याचा पत्ता ३३ असेल, हे कोणालाही सांगता येते.

पत्ता देण्याच्या पद्धती

पत्ता देण्याची पद्धत निर्मात्यानुसार बदलते. सीमेन्सच्या एस७-१२०० सारख्या नियंत्रकास टीआयए पोर्टल या संगणक-प्रणालीतून, मॅक पत्त्यावरून शोधून पत्ता देतात. याच प्रणालीत निवडलेल्या नियंत्रकाचे दिवे लुकलुकविण्याची सोय आहे. एकाच पॅनेलमध्ये एकसारखे तीन नियंत्रक असल्यास आपण नेमक्या कोणत्या नियंत्रकाशी बोलत आहोत, याची खात्री त्यामुळे करता येते. रॉकवेल ऑटोमेशनची साधने नव्या अवस्थेत पत्त्याची मागणी जाळ्यावर पाठवीत राहतात व संगणकावरील प्रणाली त्यांना पत्ता पुरविते. त्यांच्या काही मॉड्यूलांवर तीन फिरत्या चकत्या असतात. त्या ००१ ते २५४ यांपैकी एखाद्या संख्येवर ठेवल्यास साधनाचा पत्ता १९२.१६८.१ या गल्लीतील तेवढ्या क्रमांकाचा होतो.

आपोआप मिळालेला पत्ता वीज गेल्यानंतर बदलू शकतो. म्हणून नियंत्रकास पत्ता मिळाल्यावर तो कायम करून ठेवतात. हे करावयाचे राहिल्यास यंत्रणा महिनोन्‌महिने सुरळीत चालते आणि वीज जाऊन परत आल्यावर अचानक टचस्क्रीनला नियंत्रक सापडेनासा होतो. खंडित वीजपुरवठ्याच्या भागात हा दोष लवकर उघड होतो.

प्रोफिनेट पद्धतीत आयपी पत्त्याखेरीज प्रत्येक साधनास नावही द्यावे लागते. नियंत्रक आपल्या हाताखालील साधनास नावाने ओळखतो. नावात मोकळी जागा किंवा अधोरेषा चालत नाही. बिघडलेला ड्राइव्ह काढून नवा बसविताना पत्ता दिला पण नाव द्यावयाचे राहिले, अशी चूक वारंवार घडते.

वेग व द्विदिशता

दोन पोर्ट जोडले जाताच ते आपसांत वेग ठरवितात. दोघांनी एकाच वेळी बोलावयाचे की आळीपाळीने, हेही त्याच वेळी ठरते. यास स्वयंवाटाघाट म्हणता येईल. दोन्ही टोकांना ती चालू ठेवावी किंवा दोन्ही टोकांना बंद करून सारख्याच किमती भराव्यात, असा नियम आहे. एका टोकास ‘१०० मेगाबिट, एकाच वेळी दोन्ही दिशा’ असे सक्तीने ठरविले व दुसरे टोक स्वयंवाटाघाटीवर सोडले, तर दुसऱ्यास समोरचा वेग ओळखता येतो. पण दोन्ही दिशांची माहिती मिळत नाही व ते आळीपाळीने बोलू लागते. लिंकचा दिवा दोन्हीकडे हिरवा राहतो, मात्र संदेश फुटत राहतात आणि संवाद मंद व अडखळता होतो.

स्थितिदर्शक दिव्यांचे वाचन

रंग व लय

रंगांविषयी आयईसी ६००७३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार लाल रंग धोक्याचा, पिवळा असाधारण स्थितीचा व हिरवा सामान्य स्थितीचा निदर्शक आहे. इथरनेट पोर्टवरील दिव्यांचे रंग मात्र आयईईई ८०२.३ मानकाने ठरविलेले नाहीत. एका निर्मात्याच्या पोर्टवर पिवळा दिवा संदेशांची ये-जा दाखवितो, तर दुसऱ्याच्या पोर्टवर तोच रंग १०० मेगाबिट वेग दाखवितो. म्हणून पोर्टवरील पिवळा दिवा दोष दाखवितो असे गृहीत धरता येत नाही.

रंगाइतकेच महत्त्व लयीस आहे. कामगारांच्या बोलण्यात ‘लाइट ब्लिंक होते’ या एकाच वाक्प्रयोगात तीन वेगवेगळ्या अवस्था सामावतात. मराठीत त्यांसाठी वेगळे शब्द योजता येतात. दिवा न हलता जळत असल्यास तो स्थिर. सारख्या अंतराने पेटत-विझत असल्यास तो लुकलुकता. ही लय नियंत्रक मुद्दाम निर्माण करतो व तिला ठरावीक अर्थ असतो. अनियमितपणे, वाऱ्यातील ज्योतीसारखा थरथरत असल्यास तो फडफडता. हे फडफडणे प्रत्यक्ष संदेशांच्या ये-जेमुळे होते. दूरध्वनीवरून माहिती देताना दिव्याचे नाव, रंग व यांपैकी अवस्था अशा तीन गोष्टी सांगितल्यास ऐकणाऱ्यास निदान करता येते.

पोर्टवरील दिवे

बहुतेक पोर्टवर दोन दिवे असतात. पहिला लिंकचा: दोन्ही टोकांची साधने चालू आहेत व त्यांनी एकमेकांस विद्युत्-पातळीवर ओळखले आहे, असे तो पेटल्यावर समजावे. दुसरा ये-जेचा: संदेश येत किंवा जात असताना तो फडफडतो. एस७-१२०० या नियंत्रकावर लिंकचा दिवा हिरवा व ये-जेचा पिवळा असतो. काही साधनांत दोन्ही कामे एकच दिवा करतो. तो स्थिर असल्यास केवळ लिंक आणि फडफडत असल्यास लिंकसह ये-जा असा अर्थ होतो.

नियंत्रकाच्या अवस्थेचे दिवे

एस७-१२०० वर रन/स्टॉप, एरर व मेंट असे तीन दिवे असतात. रन/स्टॉप दिवा स्थिर हिरवा असताना प्रोग्राम चालू असतो, स्थिर पिवळा असताना थांबलेला असतो आणि सुरुवातीच्या तयारीत तो हिरवा-पिवळा आलटून पालटून लुकलुकतो. एरर दिवा लाल लुकलुकल्यास जुळवणीतील, मेमरी कार्डातील किंवा अंतर्गत दोष संभवतो. तो स्थिर लाल असल्यास यंत्रभाग निकामी झाल्याची शक्यता असते. मेंट हा दिवा देखभालीची आवश्यकता दर्शवितो. एखादी किंमत प्रोग्रामबाहेरून सक्तीने धरून ठेवली असतानाही तो पेटतो. अशी सक्ती दुरुस्तीनंतर विसरली जाण्याचा धोका असल्याने या पिवळ्या दिव्याची दखल घ्यावी लागते.

रॉकवेलच्या कॉम्पॅक्टलॉजिक्स व कंट्रोललॉजिक्स या नियंत्रकांवर रन, फोर्स, आय/ओ व ओके हे दिवे असतात. ओके दिवा लाल लुकलुकत असल्यास दोष दूर करून पुन्हा चालू होण्याजोगा असतो. आय/ओ दिवा हिरवा लुकलुकत असल्यास यादीतील एखादे तरी साधन उत्तर देत नाही, असा अर्थ होतो. तो हिरवा दिसतो म्हणून सर्व ठीक आहे असे समजण्याची चूक येथे होते.

जाळ्याच्या अवस्थेचे दिवे

इथरनेट/आयपी पद्धतीत जाळ्याच्या दिव्याचे अर्थ ठरलेले आहेत:

विझलेला: वीज नाही किंवा आयपी पत्ता नाही.
हिरवा लुकलुकता: पत्ता आहे, पण कोणाशीही जोडणी झालेली नाही.
हिरवा स्थिर: किमान एक जोडणी चालू आहे.
लाल लुकलुकता: असलेली जोडणी मुदतीत उत्तर न आल्याने तुटली.
लाल स्थिर: हाच पत्ता जाळ्यात दुसऱ्या साधनाकडेही आहे.

प्रोफिनेटच्या अनेक साधनांवर बीएफ नावाचा लाल दिवा असतो. तो लुकलुकत असल्यास नियंत्रक व साधन यांच्यात माहितीची देवाणघेवाण होत नाही, असे समजावे.

इथरकॅट पद्धतीत रन दिवा साधनाची पायरी दाखवितो. विझलेला असल्यास प्रारंभिक अवस्था, लुकलुकता असल्यास कामापूर्वीची तयारी, एकच लहान चमक व नंतर दीर्घ विराम असल्यास सुरक्षित-कार्यस्थिती आणि स्थिर हिरवा असल्यास पूर्ण कार्यस्थिती, असा क्रम आहे.

मॉडबस टीसीपीसाठी असा सर्वमान्य दिवा नाही. तेथे ये-जेच्या दिव्यावरून संदेश जात-येत आहेत एवढेच कळते; मागितलेली नोंद योग्य क्रमांकाची होती किंवा नाही, हे प्रोग्राममध्येच पाहावे लागते.

दोषशोधनाचा क्रम

दिव्यांचे वाचन खालून वर करतात: प्रथम वीज, मग लिंक, मग ये-जा, मग पत्ता, मग नाव व जोडणी आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरची तपासण्यात अर्थ नसतो. कशालाही हात लावण्यापूर्वी सर्व दिव्यांचे छायाचित्र किंवा थोडे चलच्चित्र घेऊन ठेवणे उपयुक्त ठरते, कारण वीज बंद-चालू करताच पहिली अवस्था पुसली जाते.

लिंकचा दिवा विझलेला असल्यास समोरच्या साधनाची वीज, केबलची दोन्ही टोके व स्विचचा पोर्ट पाहावा. चालू असलेली दुसरी केबल त्या जागी लावल्यास दोष केबलचा की पोर्टचा हे लगेच उलगडते.

लिंक पेटतो, ये-जाही दिसते, पण लॅपटॉपवरून नियंत्रक सापडत नाही, अशी स्थिती सर्वाधिक आढळते. वरील उदाहरणातील नियंत्रक १९२.१६८.१०.१० या पत्त्यावर आहे. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५० असेल तर तो दुसऱ्या गल्लीत उभा आहे; तार शाबूत असूनही त्याची हाक नियंत्रकापर्यंत जात नाही. लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास त्यास पत्ता देणारे कोणी भेटले नाही व त्याने तो स्वतःच घेतला, असे समजावे.

संपर्क कधी जुळतो व कधी तुटतो, अशा वेळी एकच पत्ता दोन साधनांना दिला गेल्याची शंका घ्यावी. ती तपासण्याची युक्ती सोपी आहे. संबंधित यंत्र थांबवून नियंत्रकाची केबल काढावी व लॅपटॉपवरून त्याच पत्त्यास पिंग या आज्ञेने हाक द्यावी. केबल काढूनही उत्तर आले, तर तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे तरी आहे हे सिद्ध होते.

पिंगला उत्तर येते, पण बीएफ दिवा लाल लुकलुकतो, असे दिसल्यास प्रोफिनेटचे नाव पाहावे. पिंग केवळ पत्ता तपासते. नावाची चूक तिला दिसत नाही.

स्विचवरील सर्व पोर्टचे दिवे एकाच वेळी अखंड व अतिशय वेगाने फडफडू लागले आणि सर्व साधनांचा संपर्क तुटला, तर एखाद्या केबलची दोन्ही टोके त्याच स्विचला किंवा दोन स्विचांमध्ये दोन केबली लागून वर्तुळ तयार झाले असण्याचा संभव असतो. साध्या स्विचमध्ये असा संदेश थांबत नाही. तो फिरत राहून वाढत जातो. नुकतीच लावलेली केबल काढल्यास जाळे बहुधा पूर्ववत होते. विशेष स्विच वापरून मुद्दाम वर्तुळाकार जाळे करता येते. त्यात एक दुवा राखीव असतो व तार तुटल्यावरच तो उघडतो.

सुरक्षितता

दिवा विझला किंवा नियंत्रक थांबला म्हणजे यंत्र निर्धोक झाले, असे होत नाही. हायड्रॉलिक प्रेसमधील तेलाचा दाब नियंत्रक बंद झाल्यावरही टिकून राहू शकतो, वर उचललेला भाग खाली येऊ शकतो आणि ड्राइव्हमधील कपॅसिटर वीज तोडल्यानंतरही काही मिनिटे भारित असतात. यंत्रात हात घालण्यापूर्वी मुख्य वीज तोडून तेथे कुलूप व सूचनापाटी लावणे, दाब सोडणे आणि मापकाने खात्री करणे आवश्यक असते. स्थितिदर्शक दिवा हे माहितीचे साधन आहे, संरक्षणाचे नव्हे.

त्याचप्रमाणे नियंत्रक स्टॉप स्थितीतून रनमध्ये आणताना यंत्राजवळ कोणी नाही, हे प्रत्यक्ष जाऊन पाहावे लागते. इथरनेटमुळे ही आज्ञा दूरच्या खोलीतूनही देता येते, आणि धोकाही त्यातूनच उद्भवतो. जिनिंग कारखान्यात आगीचा धोका असल्यामुळे पॅनेलमधील तंतू व धूळ वीज बंद करूनच काढावी लागते.

नियंत्रक थेट इंटरनेटला जोडणे धोक्याचे असते. मॉडबससारख्या जुन्या पद्धतीत परवलीच्या शब्दाची सोयच नाही. जो पोर्टपर्यंत पोहोचेल त्यास यंत्राला आज्ञा देता येते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक प्रणालीने औद्योगिक नियंत्रकांवर हल्ला होऊ शकतो हे जगासमोर आणले. यंत्राचे व कार्यालयाचे जाळे वेगळे ठेवणे, आरंभीचे परवलीचे शब्द बदलणे व दूरस्थ दुरुस्तीचा मार्ग काम संपताच बंद करणे, हे किमान उपाय होत. औद्योगिक जाळ्यांच्या सुरक्षेसाठी आयईसी ६२४४३ ही मानकमालिका आहे. भारतात संगणकीय सुरक्षेच्या घटनांसाठी २००४ पासून सर्ट-इन ही केंद्रीय संस्था कार्यरत आहे.

नोंदी

जाळ्याची नोंदवही ठेवणे हा जुळवणीचाच भाग मानला जातो. तीत प्रत्येक साधनाचे नाव, जागा, आयपी पत्ता, मास्क, मॅक पत्ता, स्विचवरील पोर्टचा क्रमांक आणि बदलाची तारीख लिहितात. केबलच्या दोन्ही टोकांना सारखाच क्रमांक चिकटवितात. नियंत्रकाच्या प्रोग्रामची प्रत नियंत्रकाबाहेर किमान दोन ठिकाणी ठेवतात, कारण निकामी झालेल्या नियंत्रकातून ती परत मिळेलच असे नाही.

या नोंदीत निरोगी अवस्थेतील दिव्यांचे छायाचित्रही असावे लागते. यंत्रणा सुरळीत चालू असताना कोणता दिवा स्थिर असतो व कोणता फडफडतो हे ठाऊक नसेल, तर बिघाडाच्या वेळी बदल ओळखता येत नाही. हंगामी कारखान्यात हे छायाचित्र गाळप किंवा जिनिंग रंगात असताना घेतात. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, मधल्या काही महिन्यांच्या बंद काळानंतर यंत्रणा पुन्हा चालू करताना, त्याच्याशी ताडून पाहता येते.

हेही पाहा

प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर
इथरनेट
आयपी पत्ता
मॉडबस
परभणी जिल्हा